पडलेल्यांसाठी कृपा आणि पुन्हा उभं राहण्याची वाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मराठी ख्रिस्ती वाचकांसाठी लिहिली आहेत, मग ते कॅथलिक असोत की प्रॉटेस्टंट. जिथे पंथांप्रमाणे रीत बदलते तिथे तसं सांगितलं आहे.

मी बरीच वर्षं चर्चपासून दूर आहे. आधी स्वतःला सुधारू आणि मग जाऊ, की आधी जाऊ?

आधी जा. हा क्रम उलटा लावला की माणूस परत जातच नाही, कारण ‘आता मी पुरेसा सुधारलो’ असं मनाला पटण्याचा दिवस उजाडत नाही. लूक १५ मधला धाकटा मुलगा परमुलखातून निघताना तीन गोष्टी बोलायच्या ठरवतो: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी राहिली नाही, मला एखाद्या मजुरासारखं ठेवा. घरी पोचल्यावर पहिल्या दोन तो बोलतो. तिसरी बोलण्याआधीच बापाने झगा, अंगठी आणि जोडे आणायला माणसं धाडलेली असतात. मजुरी करून घरातली जागा परत कमवायची, हा बेत बापाने ऐकूनसुद्धा घेतला नाही.

व्यवहारातलं सांगायचं तर पहिल्या रविवारी मागच्या बाकावर बसलात तरी चालेल. ‘इतके दिवस कुठे होता?’ असं कुणी विचारलंच तर ‘दूर होतो, आता आलोय’ एवढं उत्तर पुरे. सगळी कहाणी दारात उभं राहून सांगायची नसते. पाळकांशी किंवा फादरांशी बोलायचं असेल तर फोन करून आठवड्यातली वेळ मागा. उपासना सुटल्यावर ते शंभर जणांशी हात मिळवत असतात, तेव्हा तुमच्याकडे त्यांचं लक्ष राहणार नाही आणि तुम्हाला उगीचच वाटेल की आपल्याला टाळलं.

कृपा म्हणजे नेमकं काय?

जे आपण कमावलेलं नाही आणि कमावूही शकत नाही, ते देवाने स्वतःहून देणं. रोमकरांस पत्रात (५:८) वेळेचा उल्लेख मुद्दाम आलाय: आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. आपण सुधारल्यावर नाही, सुधारायचं वचन दिल्यावरही नाही. इफिसकरांस पत्रात (२:८-१०) क्रम आणखी स्पष्ट आहे. तारण कृपेने, विश्वासाद्वारे, कर्मांनी नव्हे. आणि लगेच पुढच्या वचनात सत्कर्मांचा उल्लेख येतो. सत्कर्मं आहेत, पण ती कृपेच्या मागून येतात.

येशूने हे आकड्यांत सांगितलं आहे (मत्तय १८). एका चाकराचं कर्ज दहा हजार तालांत, त्याच्या सोबत्याचं शंभर दिनार. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. म्हणजे पहिल्याचं कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतकं झालं. वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले तर दोन लाख वर्षं. त्याने राजाकडे काय मागितलं? ‘थोडा धीर धरा, मी सगळं फेडीन.’ हे अशक्य आहे, आणि राजाला ते ठाऊक आहे. तो मुदत वाढवून देत नाही, कर्जच सोडतो. दुसऱ्याचे शंभर दिवस खरे आहेत, थोडेथोडके नाहीत, चार महिन्यांची कमाई आहे ती; आपल्याला दुखावणाऱ्याचा अपराध लहान असतो असं येशू म्हणत नाही. तो दोन कर्जं शेजारी ठेवून दाखवतो.

‘माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो’ यावरून सोळाव्या शतकात पश्चिमेकडची मंडळी दुभंगली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे लुथरन आणि कॅथलिक मंडळींनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, हे त्यात दोघांनी मिळून कबूल केलं. मेथडिस्टांनी २००६ मध्ये त्याला जोड दिली. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण ‘ते कर्मवाले आणि आम्ही कृपावाले’ हे आपल्याकडच्या भावकीत अजून ऐकू येणारं वाक्य आता तरी सोडायला हवं.

मग काहीही करा आणि माफी मागा, असाच अर्थ झाला ना?

हा प्रश्न प्रेषित पौलालाही लोकांनी विचारला होता, आणि रोम ६ हे त्याचं उत्तर आहे: मुळीच नाही. ज्याला कृपा कळली तो ‘आता आणखी किती चालेल’ असं विचारत नाही. ज्याच्या मनात हा हिशेब अजून चालू आहे, त्याला बहुतेक वेळा कृपेची नव्हे, पकडले न जाण्याची ओढ असते. त्याच्याशी प्रेमाने पण स्पष्ट बोलावं.

देवाने माफ केलं, तर सगळं पहिल्यासारखं का होत नाही?

बहुतेक घरांत आणि मंडळ्यांत घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

माफी, समेट, भरवसा आणि जबाबदारीचं पद या चार वेगळ्या गोष्टी आहेत. माफी देवाकडून पूर्ण आणि ताबडतोब मिळते (१ योहान १:९). समेटाला दोन माणसं लागतात. एकट्याला तो करता येत नाही. भरवसा हळूहळू, पुराव्याने वाढतो. आणि पद हा कुणाचा हक्क नसतो. ते मंडळीच्या भल्यासाठी दिलं किंवा काढून घेतलं जातं. हाड मोडल्यावर डॉक्टर ते जागेवर एका क्षणात बसवतात, पण त्या पायावर भार टाकायला आठवडे जातात. घाई केली तर ते पुन्हा सरकतं, आणि भार कधीच टाकला नाही तर पाय कायमचा आखडतो. दोन्ही चुका मंडळ्यांत होतात.

उधळ्या मुलाच्या गोष्टीत एक तपशील सहसा नजरेतून सुटतो. बाप थोरल्याला म्हणतो, ‘जे माझं ते सगळं तुझंच आहे.’ वाटणी आधीच झाली होती आणि ती पुन्हा झाली नाही. धाकट्याला मुलगेपण पूर्ण मिळालं, उडवलेला वाटा नाही. दावीद राजाचंही तसंच. नाथान संदेष्टा त्याला एकाच वेळी सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे आणि तुझ्या घरात तलवार राहील (२ शमुवेल १२). दावीदाने मारवलेला उरीया परत आला नाही.

म्हणून ‘तू मला माफ केलंस, तर एटीएम कार्ड का देत नाहीस?’ असं जुगारातून सावरणारा नवरा विचारतो, तेव्हा बायकोने अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. तिने माफी दिली आहे. भरवसा अजून व्हायचा आहे, आणि तो व्हायला काय लागेल हे दोघांनी बसून, लिहून ठरवता येतं: पगार कुठल्या खात्यात जाईल, मोबाइलवरची कुठली अ‍ॅप्स काढली जातील, दर आठवड्याला हिशेब कोण बघेल.

कबुली देवाकडे द्यायची की माणसाकडे?

देवाकडे नेहमीच. माणसाकडे कधी, याचा साधा नियम: ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे, आणि जे पाप एकट्याने सुटत नाही ते एका विश्वासू, प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीकडे (याकोब ५:१६). पापाची व्याप्ती जितकी, तितकीच कबुलीची व्याप्ती असावी. मनातल्या मनात केलेल्या पापाची जाहीर साक्ष देऊ नका. एखाद्याबद्दल तुमच्या मनात वासना किंवा द्वेष होता, हे त्या व्यक्तीला जाऊन सांगण्याने तुमचा भार हलका होतो आणि तिचा वाढतो.

प्रॉटेस्टंट उपासनेत सामूहिक पापकबुली आणि त्यानंतर क्षमेची घोषणा असते. ती वाचून टाकण्याची गोष्ट नाही. त्याआधी अर्धा मिनिट शांतता ठेवणारे पाळक मंडळीवर मोठे उपकार करतात. ज्यांना एकांतात कबुली द्यायची आहे त्यांनी पाळकांना आधीच विचारून घ्यावं: हे आपल्या दोघांतच राहील ना, आणि कशाच्या बाबतीत राहणार नाही? जबाबदार पाळक या दुसऱ्या भागाचं उत्तर टाळत नाही.

वीस वर्षांनी पापनिवेदनाला जायचं आहे. रीतच विसरलोय. काय करायचं?

फादरांना हेच वाक्य सांगा. ते पुढे हात धरून नेतील. तरीही कॅथलिक रीतीचे टप्पे असे:

आधी घरी आत्मपरीक्षण करा. दहा आज्ञा समोर ठेवून कागदावर टिपलंत तरी हरकत नाही, फक्त तो कागद नंतर फाडून टाका. गंभीर पापं वेगळी काढा: बाब गंभीर, पूर्ण जाणीव, आणि स्वेच्छेने केलेलं, या तिन्ही गोष्टी जमल्या तरच पाप त्या अर्थाने गंभीर. ती प्रकार आणि साधारण संख्या सांगून कबूल करायची असतात. ‘पाच-सहा वर्षं, महिन्यातून बऱ्याचदा’ असंही चालतं. कहाणी लांबवू नका, दुसऱ्याची पापं सांगत बसू नका आणि ‘पण परिस्थितीच तशी होती’ने शेवट करू नका. मग फादर दोन शब्द सांगतात, प्रायश्चित्त देतात, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणता (पाठ नसेल तर आपल्या शब्दांत) आणि ते पापमुक्तीचे शब्द उच्चारतात. प्रायश्चित्त लगेच करून टाका, नाहीतर राहून जातं.

एखादं पाप खरोखर विसरलात तर तेही क्षमेत आलं. पुढच्या वेळी त्याचा उल्लेख करा. मुद्दाम लपवलंत तर मात्र सगळंच पापनिवेदन व्यर्थ जातं. फादर हे कुणालाही सांगू शकत नाहीत. गुप्ततेचं हे बंधन मोडणाऱ्या धर्मगुरूला चर्चच्या कायद्यात सर्वांत कडक शिक्षा आहे. ओळखीच्या फादरांसमोर बोलायला जीभ रेटत नसेल तर शेजारच्या धर्मग्रामात जा. त्यात काहीही कमी नाही.

गर्भपाताचं ओझं घेऊन जगणाऱ्या बहिणींसाठी मुद्दाम सांगतो. नोव्हेंबर २०१६ पासून पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना दिला आहे. बिशपांकडे जावं लागेल या धाकाने थांबू नका.

खरा पश्चात्ताप कसा ओळखायचा?

रडण्यावरून नाही. पकडलं गेल्यावर सगळेच रडतात. शब्दांकडे लक्ष द्या. ‘कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा’ या वाक्यात कर्ता नाही आणि कर्मही नाही. ‘मी तुमच्या सहीचा वापर करून पैसे काढले, ते चूक होतं, तुमचं चाळीस हजारांचं नुकसान झालं’ यात दोन्ही आहे. पश्चात्ताप झालेला माणूस तपशील स्वतः सांगतो, विचारल्याशिवाय, परिणाम स्वीकारतो, आणि माफीची तारीख समोरच्यावर लादत नाही. उलट ‘मी सॉरी म्हटलंय ना, आता किती दिवस?’ असा सूर आला की थांबा.

इथे येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताकडे जरा वेगळ्या नजरेने पाहायला हवं. मत्तय २७ नुसार त्याला पस्तावा झाला, त्याने तीस रुपये परत नेले, ‘मी पाप केलं’ असं तो उघड म्हणाला. आणि मुख्य याजक काय म्हणाले? ‘त्याचं आम्हाला काय?’ कबुली द्यायला आलेल्या माणसाला असं परत पाठवणं किती भयंकर असतं, ते पुढच्याच वचनात दिसतं: त्याने गळफास घेतला. येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राचा अपराध कमी नव्हता. पण त्याला परत जायला माणसं होती, आणि त्याला शोधणारा प्रभू होता.

पैशाची अफरातफर केली आहे. प्रार्थनेने भागेल का?

नाही. परत करायला हवं. मोशेच्या नियमशास्त्रात मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा असा दंड आहे (गणना ५:७), म्हणजे दहा हजारांवर दोन हजार. जकातदार जक्कयाने चौपट देऊ केलं, पण ते त्याने आनंदाने, येशू घरी आल्यानंतर म्हटलं. घरी यावं म्हणून नव्हे.

भिशी, पतपेढी, भगिनी मंडळाचा निधी, बांधकाम फंड, नोकरीतली रोकड, कुठलीही रक्कम असो, आधी आकडा नक्की करा. पावत्या आणि पासबुक घेऊन एका त्रयस्थासोबत बसा. स्वतःचा अंदाज जवळजवळ नेहमी कमी येतो. मग ज्यांचे पैसे त्यांना, शक्यतो साक्षीदारासह, सांगा. एकरकमी जमत नसेल तर हप्ता लेखी ठरवा आणि असा ठरवा की तुटणार नाही. महिन्याला तीन हजार नेमाने देणारा माणूस पंधरा हजारांचं वचन देऊन दुसऱ्या महिन्यात गायब होणाऱ्यापेक्षा लवकर उभा राहतो. नवीन कर्ज काढून जुनं फेडू नका. गुप्तदानाच्या पेटीत पैसे टाकून मोकळे होऊ नका, कारण संशय अजून दुसऱ्याच कुणा निरपराध खजिनदारावर असतो. गुन्हा नोंदला गेला असेल किंवा जाण्याची शक्यता असेल तर आधी वकिलाला भेटा. ज्याचे पैसे घेतले तो वारला असेल तर वारसांना द्या. तेही नसतील तर गरिबांना.

पाळक किंवा मंडळीतले वडील पडले तर त्यांना परत कधी उभं करायचं?

मंडळीचा सभासद म्हणून: पश्चात्ताप दिसताच. पुलपिटवर: खूप उशिरा, आणि काही बाबतीत कधीच नाही. अध्यक्षाचं आचरण निर्दोष असावं (१ तीमथ्य ३), हात ठेवण्याची, म्हणजे पदावर नेमण्याची, घाई करू नये (५:२२), आणि आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून घेऊ नये पण सिद्ध झाल्यास सर्वांसमोर दोष दाखवावा (५:१९-२०), अशी तिहेरी सूचना पौल देतो.

हा वाद नवा नाही. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने सगळ्यांना देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यायला लावलं. कित्येक ख्रिस्ती लोकांनी बळी अर्पण केला, कित्येकांनी पैसे देऊन खोटा दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे सगळे मंडळीच्या दारात उभे राहिले. रोममध्ये नोव्हेशियन म्हणाला, यांना परत घ्यायचंच नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्या सोबतच्या बिशपांनी २५१ मध्ये वेगळा मार्ग धरला: घ्यायचं, पण ज्याच्या त्याच्या अपराधाप्रमाणे प्रायश्चित्त घेऊन. ३२५ मध्ये निकिया परिषदेने, कोणताही दबाव नसताना विश्वास सोडलेल्यांसाठी टप्पे बांधून दिले: तीन वर्षं श्रोत्यांत, सात वर्षं गुडघे टेकणाऱ्या पश्चात्तापींत, दोन वर्षं प्रार्थनेत सहभागी पण प्रभुभोजनाविना. एकूण बारा वर्षं! आणि त्याच परिषदेने हेही ठरवलं की असा माणूस मरणपंथाला लागला आणि त्याने मागितलं, तर त्याला प्रभुभोजन नाकारायचं नाही. कडक शिस्त आणि उघडं दार दोन्ही एकाच कागदावर. आज कुणी बारा वर्षं म्हणणार नाही, पण ‘पुढच्या महिन्यापासून प्रवचन करू दे’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा ऐकावा.

आजच्या मंडळीला आमचा सल्ला असा. पदावरून तात्काळ दूर करा आणि मंडळीला थोडक्यात पण खरं सांगा. ‘प्रकृतीच्या कारणाने रजेवर’ असं खोटं सांगितलं की अफवा दुप्पट होतात. त्यांच्या कुटुंबाच्या राहण्याचं आणि मुलांच्या फीचं बघा, पाळकनिवास आठवड्यात रिकामा करायला लावू नका. तीन जणांचा गट नेमा, त्यात एक तरी बाहेरच्या मंडळीतला आणि, बाब लैंगिक असेल तर, एक तरी स्त्री असू द्या. पीडित व्यक्तीला आधी भेटा. पुन्हा सेवा द्यायची की नाही, हे त्या पाळकाने किंवा त्याच्या चाहत्यांनी ठरवायचं नाही. लैंगिक शोषण झालं असेल तर पद परत नाही.

नवरा मारतो. मंडळीतले लोक ‘माफ कर आणि नांदायला जा’ म्हणतात.

हा सल्ला चुकीचा आहे, आणि शास्त्राच्या नावाने दिला तर आणखीच चुकीचा. माफी आणि एका छपराखाली राहणं या दोन गोष्टी आहेत. मत्तय १८ मधली ‘एकांतात जाऊन त्याला दोष दाखव’ ही पायरी भावाभावांसाठी आहे. जिवाला धोका असलेल्या बाईला मारणाऱ्याच्या खोलीत एकटं पाठवण्यासाठी नाही.

तातडीला ११२, महिला मदतवाहिनी १८१. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि राहत्या घरात राहण्याचा हक्कही मागता येतो. दवाखान्यात जखमेचं खरं कारण नोंदवून घ्या. आधार, बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला यांच्या प्रती माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा. पाळकांनी दोघांना एकत्र बसवून समुपदेशन करू नये. तिने तिथे खरं सांगितलं की घरी त्याची किंमत तीच मोजते. त्याने स्वतंत्र उपचार घ्यावेत, आणि कित्येक महिने वागणूक बदललेली दिसल्यावर, तिची इच्छा असेल तरच पुढचं बोलावं.

मुलावर अत्याचार झाला. ‘प्रकरण मंडळीतच मिटवू’ असं म्हणताहेत.

मिटवायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायदा २०१२ नुसार माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चाइल्डलाइन १०९८. अपराध्यालाही कृपा आहे, तुरुंगातही ती पोचते, पण ती संडे स्कूलच्या खोलीची किल्ली परत देत नाही.

दारू सुटत नाही. विश्वास कमी पडतोय का?

व्यसन हा आजारही आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने उपवास-प्रार्थनेच्या सभेत जाऊन एकदम बंद करणं धोक्याचं असतं: पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, ताप, प्रचंड थरथर सुरू होऊन जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. मग केंद्र किंवा गट: पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, मुंबईत बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये १९८१ साली सुरू झालेलं कृपा फाउंडेशन आहे, आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मराठी सभा अनेक शहरांत भरतात. प्रार्थना यातल्या प्रत्येक पायरीवर असू द्या, पायरीच्या जागी नको.

प्रभुभोजनाबद्दल एक गोष्ट जपा. दारू सोडवण्यासाठी दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर घोटभर द्राक्षारसातल्या मद्यानेही उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणं असे त्रास होऊ शकतात, आणि गोळी बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे हा धोका राहतो. बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्या बिनमद्याचा रस वापरतात, पण विचारून घ्या. कॅथलिक शिकवणीनुसार केवळ भाकरीच्या रूपातही ख्रिस्त पूर्ण मिळतो, म्हणून प्याला टाळण्यात काही उणं नाही.

पुन्हा प्यायलात तर? चोवीस तासांच्या आत एका माणसाला फोन करा. घसरण एका रात्रीची असते. ती लपवल्यामुळे महिन्यांची होते.

तेच पाप पुन्हा पुन्हा होतं. देव कंटाळला असेल.

दिवसातून सात वेळा अपराध करून सात वेळा ‘मला पस्तावा होतो’ म्हणत आलेल्या भावाला क्षमा करा, असं येशूने आपल्याला सांगितलं (लूक १७:४). आपल्याकडून एवढं मागणारा स्वतः कमी देईल का? मात्र वेळ, जागा, मनाची अवस्था टिपून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत आकार दिसायला लागतो: रात्री अकरानंतर, एकटं असताना, भांडणानंतर. तिथेच काहीतरी बदला. फोन दुसऱ्या खोलीत, झोपण्याची वेळ लवकर. नुसता निश्चय त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा मोडतो.

पेत्रही सावरल्यानंतर अंत्युखियात पुन्हा घाबरला आणि परराष्ट्रीयांबरोबर जेवण्यापासून मागे सरला. पौलाने त्याला तोंडावर सुनावलं (गलती २). तोवर येशूने पेत्राची तीन वेळा विचारपूस करून, ‘माझी मेंढरं चार’ हे काम त्याच्या हाती देऊन बरीच वर्षं झाली होती.

घटस्फोट झालाय. प्रभुभोजन घेता येईल का?

कॅथलिकांत: केवळ घटस्फोट झाला आणि पुन्हा लग्न केलं नाही, तर त्यामुळे ख्रिस्तप्रसाद घेण्याला अडथळा येत नाही. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे कित्येक जण वर्षानुवर्षं विनाकारण बाकावरच बसून राहतात. चर्चच्या दृष्टीने पहिलं लग्न मुळात वैध होतं का, हे धर्मप्रांताचं न्यायालय तपासतं; बाप्तिस्म्याचे अलीकडे काढलेले दाखले, लग्नाचा दाखला, कोर्टाचा हुकूमनामा, तुमचं निवेदन आणि साक्षीदारांची नावं लागतात. २०१५ पासून अपील झालं नाही तर एकच निकाल पुरेसा असतो. धर्मप्रांताच्या निकालाशिवाय पुन्हा नोंदणी लग्न झालं असेल तर फादरांशी सविस्तर बोला. प्रॉटेस्टंटांत नियम पंथागणिक वेगळे. पाळकांकडून तोंडी नव्हे, लेखी विचारून घ्या.

मी स्वतःलाच माफ करू शकत नाही. जगावंसं वाटत नाही.

आधी हे: मानसिक आरोग्याची मदतवाहिनी टेलिमानस १४४१६, दिवसरात्र, मराठीतही. आज कुणाला तरी सांगा, आणि आज रात्री एकटं राहू नका. झोप उडणं, भूक जाणं, सतत अपराधी वाटणं ही नैराश्याची लक्षणंही असतात, आणि औषध घेणं अविश्वास नाही. क्षमा ही स्वतःला द्यायची नसते, ती घ्यायची असते. ‘मला तसं वाटत नाही’ याने ती रद्द होत नाही.

कुटुंबात आत्महत्या झाली असेल तर: अशा व्यक्तीचा अंत्यविधी कॅथलिक चर्च नाकारत नाही, १९८३ च्या धर्मविधिसंहितेत तसा निषेध नाही. गंभीर मानसिक त्रासात जबाबदारी कमी होते, आणि त्यांच्या तारणाविषयी आशा सोडायची नाही, असं चर्च शिकवतं. अशा घरी जाऊन ‘तो नरकात गेला’ म्हणणाऱ्याला मंडळीतल्या वडिलांनी तिथल्या तिथे थांबवावं.

आजार किंवा अपंगत्व हे पापाचं फळ असतं का?

शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हेच विचारलं आणि येशू ‘नाही’ म्हणाला (योहान ९). पौल ज्याला ‘शरीरातला काटा’ म्हणतो तो त्रासही तीनदा विनवून गेला नाही. बऱ्या न झालेल्या माणसाला विश्वास कमी म्हणून हिणवू नका. चर्चच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधा.

परत आलेल्या माणसाशी मंडळीने कसं वागावं?

करिंथातल्या एका अपराध्याबद्दल पौल लिहितो की बहुमताने दिलेली शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल (२ करिंथ २). तो पहिल्या पत्रातलाच माणूस की दुसरा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण शिस्तीला शेवट असतो हे स्पष्ट आहे. म्हणून शिस्त लावतानाच तिची मुदत आणि उलट यायची वाट लिहून द्या. संपली की जशी जाहीर लावली तशीच जाहीर उठवा, मिनिटबुकात नोंद करा. त्याच्या शेजारी कोण बसेल, हे आधी ठरवा. चहाला बोलवा. सतरंज्या घालणं, पेटीवर साथ देणं, दफनभूमी साफ करणं अशी कामं लवकर द्या. पैसे मोजण्याचं काम चोरी केलेल्याला देऊ नका, ते त्याच्यावरही दया करण्यासारखं आहे. आणि त्याची साक्ष मंडळीच्या मनोरंजनासाठी वर्षभरात मागू नका.

पंडिता रमाबाईंनी इंग्लंडच्या वास्तव्यात सिस्टर्सनी चालवलेलं, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठीचं घर पाहिलं, आणि तिथेच त्यांना योहान ४ मधल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशाच स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन उभं केलं. तिथे राहायला खोली होती, शिकायला काम होतं आणि उपासनेत जागा होती. आपल्या मंडळीत या तिन्हींपैकी आज काय देता येतं, ते पुढच्या कमिटी मीटिंगच्या विषयपत्रिकेवर घ्या.

पंधरा वर्षांपूर्वी मला नाकारलं होतं. आता कोण ओळखणार?

मार्क पौल आणि बर्णबा यांच्या सुवार्ताफेरीतून, पंफुल्यात, अर्ध्यावर निघून गेला होता. त्याला परत सोबत घ्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा इतके भांडले की वेगळे झाले (कृत्ये १५). बर्णबाने त्याला नेलं. कित्येक वर्षांनी तुरुंगातून पौल लिहितो: मार्काला घेऊन ये, सेवेत तो मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). मंडळीत तुम्हाला नाकारणारे असतील तसे बर्णबाही असतात. बहुतेक वेळा ते कमिटीवर नसतात. भजनाची पुस्तकं वाटणाऱ्या मावशींना विचारून बघा.